अथनेशियस : पाच वेळा हद्दपार झालेला साक्षी



धारच्या मुलांना राजा भोजाच्या गोष्टी शाळेत शिकवाव्या लागत नाहीत. त्या त्यांना घरीच मिळतात. भोजाचा दरबार भरला आहे, राजा समस्या घालतो आहे आणि कवी कालिदास तत्काळ श्लोक पुरा करतो आहे, हे चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. बल्लाळ नावाच्या पंडिताने सोळाव्या शतकाच्या सुमारास ‘भोजप्रबंध’ रचला, त्यात या गोष्टी आहेत. पण राजा भोज अकराव्या शतकातला, आणि कालिदास त्याच्या कित्येक शतके आधी होऊन गेलेला. दोघे एका दरबारात बसणे शक्यच नव्हते. गोष्टकाराला एवढी मोकळीक असते व आपणही ती आनंदाने देतो. हा इतिहासच आहे, असे कोणी म्हणू लागला म्हणजे मात्र अडचण उभी राहते.

अशीच अडचण आपल्या विश्वासाच्या बाबतीत उभी राहिली आहे. सन 2003 मध्ये डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी निघाली. जगभर तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या व मराठीतही तिचे भाषांतर झाले. सन 2006 मध्ये तिच्यावर चित्रपट आला. गोव्याच्या सरकारने त्यावर बंदी घातली; इतर काही ठिकाणी, ही कथा काल्पनिक आहे, अशी सूचना दाखवून तो दाखवला गेला. कादंबरीतील एक विद्वान पात्र असे सांगते की, पहिली 300 वर्षे ख्रिस्ती लोक येशूला केवळ एक थोर मनुष्य मानीत. सन 325 मध्ये निकिया येथील सभेत सम्राट कॉन्स्टंटाइन याने थोड्याशा मताधिक्याने त्याला देव ठरवले. आणि त्याच सम्राटाने आपल्या सोयीची शुभवर्तमाने ठेवून बाकीची जाळली.

बंदीने पडदा झाकता येतो. मनातली शंका झाकता येत नाही. देवास येथे एकदा उपासना संपल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने मला नेमका हाच प्रश्न विचारला. असली पुस्तके वाचू नयेत, एवढेच मी त्याला बोललो. तो गप्प बसला. परतीच्या बसमध्ये माझ्या ध्यानात आले की, गप्प बसणे म्हणजे पटणे नव्हे. घरी येऊन मी डिप्लोमाच्या वेळच्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत एका मनुष्याचे चरित्र पुन्हा वाचताना मला वाटले की, त्या तरुणाला मी हेच सांगावयास हवे होते. तो मनुष्य म्हणजे आलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस.

बालपण आणि एक सुंदर गोष्ट

अथनेशियसचा जन्म सन 296 ते 298 च्या सुमारास झाला. मिसर देशातील आलेक्झांड्रिया हे त्या काळच्या जगातील फार मोठे बंदर. मिसरातला गहू येथूनच जहाजांनी परदेशी जाई. विद्येचेही ते माहेरघर होते.

तो अगदी लहान असताना, सन 303 मध्ये, सम्राट डायोक्लेशन याने मंडळीचा छळ आरंभला. उपासनामंदिरे पाडावी व पवित्र शास्त्राच्या प्रती जाळाव्या, असा हुकूम सुटला. सन 311 मध्ये आलेक्झांड्रियाचा बिशप पेत्र याला ठार करण्यात आले. हे सर्व अथनेशियसच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच गावी घडले. सम्राटांच्या हुकुमाने पुस्तके जळाली हे खरे, पण जळाली ती मंडळीची पुस्तके, हे प्रथम लक्षात ठेवावे.

त्याच्या बालपणाची एक गोष्ट शब्बाथ शाळांत फार प्रिय आहे. बिशप अलेक्झांडर याने आपल्या घराच्या खिडकीतून समुद्रकाठी खेळणारी मुले पाहिली. त्यांतला एक मुलगा बिशप झाला होता व सवंगड्यांना बाप्तिस्मा देत होता. बिशपने त्यांना बोलावून चौकशी केली, तो मुलाने सर्व विधी यथासांग केल्याचे आढळले. तो मुलगा अथनेशियस. गोष्ट मोठी गोड आहे. पण अलेक्झांडर बिशप झाला तेव्हा, म्हणजे सन 313 च्या सुमारास, अथनेशियस पंधरा-सोळा वर्षांचा असला पाहिजे. वाळूत खेळण्याचे ते वय नव्हे. म्हणून ही गोष्ट सांगावी, पण गोष्ट म्हणूनच सांगावी. कादंबरीकाराला आपण ज्या तराजूत तोलतो, त्याच तराजूत आपल्या आवडत्या कथाही तोलल्या पाहिजेत. नाही तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही.

एवढे मात्र निश्चित की, अलेक्झांडरने या तरुणाला जवळ केले, शिकवले आणि डीकन करून आपला चिटणीस नेमले.

एरियसची गाणी

सन 318 च्या सुमारास आलेक्झांड्रियातील एरियस नावाचा एक वडीलधारा व लोकप्रिय धर्मोपदेशक नवी शिकवण देऊ लागला. देवपुत्र सर्व निर्मितीत श्रेष्ठ आहे, परंतु तोही निर्माण झालेलाच आहे आणि तो नव्हता असाही एक काळ होता, असे त्याचे म्हणणे होते. एरियस मोठा हुशार. त्याने आपली शिकवण पद्यात गुंफली. नाविकांसाठी, प्रवाशांसाठी व जात्यावर दळणाऱ्यांसाठी त्याने गाणी रचली, असे एक प्राचीन इतिहासकार नमूद करतो. जात्यावरची ओवी मनात कशी उतरते, हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते. जी शिकवण प्रवचनाने पोहोचत नाही, ती गाण्याने पोहोचते; आजच्या काळी ती कादंबरीने आणि चित्रपटाने पोहोचते.

एरियसच्या शिकवणीत चूक कोणती, हे देवासकरांना एका उदाहरणाने सहज कळेल. आपल्या देवास शहरात संस्थानी काळात एकाच गावी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन पवार बंधूंच्या वंशाची ही दोन राज्ये. दोघांचे दरबार वेगळे, कारभार वेगळा. पिता आणि पुत्र म्हणजे अशा दोन गाद्या असे म्हटले, तर दोन देव मानावे लागतात, आणि मंडळीने ते कधीच मान्य केले नाही. एरियस तर पुत्राला धाकटी गादीही देत नव्हता. तो त्याला दिवाण करीत होता. दिवाण राजाच्या नावाने हुकूम काढतो, लोक त्याला मुजरा करतात. पण तो नेमलेला असतो, राजवंशातला नसतो. मंडळी मात्र पुत्राची उपासना करीत आली होती. नेमलेल्या चाकराची उपासना करणे ही मूर्तिपूजाच झाली असती.

तरुण अथनेशियसने येथे वर्म ओळखले. देहधारणाविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की, ज्याने मनुष्याला घडवले तोच त्याला पुन्हा घडवू शकतो. ख्रिस्त स्वतः निर्माण झालेला असेल, तर त्यालाच देवाशी जोडणारा कोणी दुसरा लागेल. मग तो आपणांस कसा जोडणार? वाद एका शब्दाचा दिसत होता, पण पणाला लागले होते आपले तारण.

निकिया येथे काय घडले

या वादाने मंडळ्यांत फूट पडली. साम्राज्यात शांतता हवी म्हणून सम्राट कॉन्स्टंटाइनने सन 325 मध्ये निकिया येथे बिशपांची सभा बोलावली. हे गाव आज तुर्कस्थानात आहे व त्याला इझनिक म्हणतात. सुमारे 300 बिशप आले. परंपरेने 318 हा आकडा सांगतात. त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या. मिसरच्या पाफ्नूशियसचा एक डोळा काढलेला होता, दुसऱ्या एकाचे हात तापल्या लोखंडाने निकामी झाले होते, असे प्राचीन लेखक सांगतात. ज्या माणसांनी सम्राटाच्या छळापुढे ख्रिस्ताला नाकारले नाही, त्यांनी दुसऱ्या एका सम्राटाच्या मेजवानीपुढे आपला विश्वास बदलला असेल काय, याचा वाचकांनीच विचार करावा.

अथनेशियस तेथे आपल्या बिशपचा चिटणीस म्हणून हजर होता. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असा मतांगीकार सभेने केला. अखेरपर्यंत त्यावर सही न करणारे बिशप दोनच निघाले, तेही लिबिया प्रांतातले. थोड्याशा मताधिक्याची गोष्ट येथे कोठेच बसत नाही. शिवाय, ख्रिस्त मनुष्य की देव, असा प्रश्नच सभेपुढे नव्हता. एरियससुद्धा ख्रिस्ताला केवळ मनुष्य म्हणत नव्हता. तो सर्व सृष्टीच्या आधीचा आहे हे दोन्ही पक्षांना मान्य होते. प्रश्न एवढाच की, तो निर्माण झालेला आहे की सनातन आहे.

ही श्रद्धा तेव्हा नवी नव्हती, याचा पुरावा मंडळीबाहेरच्या माणसानेच दिला आहे. सन 112 च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमी सुभेदार बिथुनिया प्रांतात होता. त्याने सम्राट ट्राजन यास लिहून कळवले की, हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात. निकिया हे गाव याच बिथुनियात आहे. म्हणजे ज्या मुलखात येशूला प्रथम देव ठरवले असे कादंबरी म्हणते, त्याच मुलखात 200 वर्षे आधी लोक त्याला देव म्हणून भजत होते व त्यासाठी मरतही होते. पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र तर त्याहूनही जुने. त्याचा दुसरा अध्याय उघडून पाहावा.

सम्राट उलटला

सन 328 मध्ये अलेक्झांडर वारला व अथनेशियस बिशप झाला. वय तीस-बत्तीस. यापुढची हकिकत कादंबरीचा दावा मुळापासून उखडून टाकणारी आहे.

निकियाचा निर्णय सम्राटाने लादलेला असता, तर सम्राटाने त्याचे रक्षण केले असते. झाले उलटेच. काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनचे मन फिरले. एरियसला परत घ्यावे असा हुकूम त्याने अथनेशियसला पाठवला. अथनेशियसने तो मानला नाही. मग शत्रूंनी त्याच्यावर बालंट रचले. अर्सेनियस नावाच्या एका बिशपला त्याने मारले व जादूटोण्यासाठी त्याचा हात कापून ठेवला, असा आरोप आला. हातही दाखवण्यात आला. पण अर्सेनियस जिवंत सापडला आणि त्याचे दोन्ही हात जागच्या जागी होते. तरीही सन 335 मध्ये सोर येथील सभेने अथनेशियसला दोषी ठरवले. तो राजधानीला जाणारी गव्हाची जहाजे अडवण्याची धमकी देतो, असाही आरोप झाला. सम्राटाने त्याला दूर उत्तरेस, आज जर्मनीत असलेल्या ट्रिअर शहरी हद्दपार केले.

सन 337 मध्ये कॉन्स्टंटाइन मरणोन्मुख झाला, तेव्हा कोठे त्याने बाप्तिस्मा घेतला; आणि तो कोणाच्या हातून? एरियसचा मोठा पाठीराखा, निकोमीडियाचा बिशप युसेबियस, याच्या हातून. येशूला देव ठरवणारा म्हणून कादंबरीने उभा केलेला हा सम्राट असा मेला!

नंतर त्याचा मुलगा कॉन्स्टंशियस उघडपणे एरियसपक्षाचा निघाला. सन 339 ते 346 अथनेशियस पुन्हा परागंदा होता. ही वर्षे त्याने बहुतेक रोम व पश्चिमेकडे काढली. तो परत आला तेव्हा त्याच्या स्वागताला सारे शहर लोटले. पुढली दहा वर्षे त्याने मंडळीची सेवा केली. हबशांच्या देशातील अक्सूम येथे शुभवार्ता नेणारा फ्रुमेंशियस त्याच्याकडे आला, तेव्हा अथनेशियसने त्यालाच त्या देशाचा बिशप नेमले.

मग ती रात्र आली. सन 356 चा फेब्रुवारी महिना. मंडळी रात्रीच्या प्रार्थनेसाठी जमली असता सैनिकांनी मंदिराला वेढा दिला. अथनेशियस आपल्या आसनावर बसून राहिला. त्याने डीकनला 136 वे स्तोत्र वाचावयास सांगितले. देवाची दया सनातन असल्याचा त्यातील प्रतिसाद लोक एकेका ओळीनंतर देत होते. मग सर्वांनी शांतपणे घरी जावे, असे त्याने सांगितले. दारे फुटली, सैनिक आत शिरले, तरी लोक बाहेर पडेपर्यंत तो उठेना. शेवटी संन्याशांनी व सेवकांनीच त्याला ओढून गर्दीतून बाहेर काढले. त्यानंतर सहा वर्षे तो मिसरच्या वाळवंटात संन्याशांच्या आश्रयाने राहिला, आणि त्याची लेखणी या काळातही चालूच होती.

सन 362 मध्ये सम्राट ज्युलियन याने त्याला चौथ्यांदा घालवले. या वेळची एक गोष्ट सांगतात. तो नाईल नदीतून नावेने जात असता पाठलागाची नाव जवळ आली. त्याने आपली नाव उलट वळवावयास लावली. समोरासमोर येताच सैनिकांनी विचारले की, अथनेशियस कोठे आहे. तो फार दूर नाही, त्वरा करा, असे उत्तर मिळाले. ते पुढे धावले आणि तो मागे शहरात येऊन लपला. पाचवी हद्दपारी सम्राट व्हेलेन्सची, सन 365 ते 366. पंचेचाळीस वर्षांच्या सेवेपैकी सुमारे सतरा वर्षे तो आपल्या मंडळीपासून दूर होता.

सत्तावीस पुस्तके

आता शुभवर्तमाने कोणी निवडली, हा दुसरा प्रश्न. निकियाच्या सभेने वीस नियम केले. त्यांत शास्त्रातील पुस्तकांविषयी एकही नियम नाही. कॉन्स्टंटाइनने शास्त्राच्या पन्नास प्रती लिहवून घेण्याचा हुकूम दिला होता, हे खरे आहे. पण प्रती लिहविणे निराळे आणि पुस्तके निवडणे निराळे. लिऑनचा आयरेनियस सन 180 च्या सुमारासच शुभवर्तमाने चार, न अधिक न उणी, असे आग्रहाने लिहितो.

आपल्या नव्या कराराच्या नेमक्या सत्तावीस पुस्तकांची यादी प्रथम दिसते ती अथनेशियसने सन 367 मध्ये पुनरुत्थानाच्या सणानिमित्त आपल्या मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रात. तोवर कॉन्स्टंटाइनला मरून तीस वर्षे झाली होती. यादी देणारा पाळक तर राजसत्तेने पाच वेळा हाकललेला. इब्री लोकांस पत्र, प्रकटीकरण अशा काही पुस्तकांविषयी मंडळ्यांत बराच काळ चर्चा चालली होती, हे लपविण्याचे कारण नाही. चार शुभवर्तमाने व पौलाची पत्रे यांविषयी मात्र फार पूर्वीच एकमत झाले होते.

आणि ती इतर शुभवर्तमाने? सन 1945 मध्ये मिसरातच, नाग हम्मादी या गावाजवळ, एका रांजणात तेरा जुन्या पोथ्या सापडल्या. त्यांत थोमाच्या व फिलिप्पाच्या नावावरील लिखाणे आहेत. ती छापून प्रसिद्ध झाली आहेत, कोणीही वाचावीत. त्यांतली बरीचशी दुसऱ्या शतकातली वा त्यानंतरची आहेत. कादंबरी सांगते की, त्यांत येशू साधा मनुष्य म्हणून भेटतो. पण बऱ्याच लिखाणांत उलट आहे. त्यांत देह तुच्छ आहे. भुकेला, थकलेला, मित्राच्या कबरेपाशी रडणारा येशू भेटतो तो आपल्याच शुभवर्तमानांत.

अंत, आणि आपणांस बोध

अथनेशियस निर्दोष नव्हता. विरोधकांविषयी त्याची भाषा अनेकदा फार कठोर असे. त्याच्या पक्षाच्या लोकांनी विरोधी गटातील संन्याशांना मारहाण केल्याचे त्या काळचे एक पत्र पपायरसवर लिहिलेले सापडले आहे. सत्याची बाजू घेणाऱ्याचे हात आपोआप स्वच्छ राहत नाहीत. आपणही हा इशारा घ्यावा. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेला मतांगीकार त्याने लिहिलेला नाही, तो पुढील काळातला आहे, हेही शिक्षकांनी ध्यानी ठेवावे.

सन 373 च्या मे महिन्यात, आपल्याच शहरी, आपल्याच मंडळीत त्याला शांतपणे मरण आले. व्हेलेन्स गादीवर होता आणि निकियाचा विश्वास तेव्हाही राजमान्य नव्हता. सन 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील सभेने तो कायम केला. ते पाहण्यास अथनेशियस राहिला नव्हता.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना माझी नम्र विनंती आहे. मुलांनी शंका आणली, तर मी केले तसे करू नका. त्यांना गप्प बसवू नका. कादंबरी हा वाङ्मयप्रकार आपला वैरी नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात, ती सन 1857 ची ‘यमुनापर्यटन’ आपल्या बाबा पदमनजींनीच लिहिली. कादंबरी कादंबरी म्हणून वाचावी आणि इतिहास इतिहास म्हणून शिकावा. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की, त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला आहे. शोध करणे हे विश्वासाचे काम आहे.

सन 2025 मध्ये निकियाच्या सभेला 1700 वर्षे पूर्ण झाली. पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळी आपण मतांगीकार म्हणावयास उभे राहू, तेव्हा क्षणभर त्या नावेची आठवण करावी, आणि फुटणाऱ्या दारांसमोर स्तोत्राचा प्रतिसाद देणाऱ्या त्या मंडळीचीही. ते शब्द सिंहासनावरून खाली आलेले नाहीत. सिंहासनाने ते पुसण्याचा पन्नास वर्षे प्रयत्न केला, आणि साध्या विश्वासणाऱ्यांनी ते आपल्या ओठांवर जपले. देवासच्या त्या तरुणाची पुन्हा भेट झाली, तर मी आधी त्याची क्षमा मागणार आहे आणि मग त्याला हे चरित्र सांगणार आहे.